घरात दोन सोन्या

डॉक्टरताई,

मी सांगलीत विश्रामबागला राहते. सातवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण. डोहाळजेवण झालं की माहेरी कऱ्हाडला जाईन आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की परत येईन. घरी सासू-सासरे, दीर, आम्ही दोघं आणि सोन्या. सोन्या आमचा कुत्रा. सहा वर्षांपूर्वी पावसात जिन्याखाली सापडला. थोडा लॅब्राडॉर, बाकी गावठी, वजन २६ किलो. रात्री आमच्याच पलंगावर पायथ्याशी झोपतो. आजवर कुणाला चावला नाही. पण दिवाळीत नणंदेचा चार वर्षांचा मुलगा आला होता. सोन्या जेवत असताना त्याने कान ओढला, तर सोन्या गुरगुरला. ह्यांनी त्याला चपलेने मारलं. तेव्हापासून तो गप्प आहे.

सासूबाई म्हणतात, बाळ यायच्या आत त्याला तासगावला मामांच्या मळ्यावर पाठवा, नाहीतर मागच्या दारी साखळीने बांधा. कुत्र्याचे केस पोटात जाऊन बाळाला दमा होतो, असंही त्यांना कुणी सांगितलंय. हे म्हणतात, सोन्या इतका मायाळू आहे, तो बाळाला जपेलच. मी मधल्यामध्ये. रात्री तो पायाशी घोरत असतो आणि मला रडू येतं. काय करू?

– एक वाचक, सांगली

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी लेक तुझ्याहून मोठी आहे.

सोन्याला मळ्यावर धाडण्याजोगं काही मला तुझ्या पत्रात दिसलं नाही. सासूबाईंची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, ती खरी आहे. आणि तुझ्या नवऱ्याचं ते 'तो बाळाला जपेलच' मी जनावरांच्या डॉक्टरकीच्या पस्तीस वर्षांत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की हल्ली ते कानावर पडलं की मी कुत्र्याबद्दल काही विचारतच नाही. घरात कोण कोण असतं आणि कोण कधी कुठे असतं, ते विचारते.

मुंगसाची गोष्ट तू लहानपणी ऐकली असशील. बाई पाण्याला जाते, साप येतो, मुंगूस सापाचे तुकडे करतं आणि रक्ताळल्या तोंडाने दारात येतं. बाई काय समजायचं ते समजते आणि त्याच्या डोक्यात घागर घालते. आपल्याला शाळेत सांगितलं, उतावळेपणा करू नये. पण त्या गोष्टीत आधी एक बारीक प्रसंग आहे, तो सांगताना बहुतेक जण गाळतात. पाण्याला जाताना बाई नवऱ्याला बजावून जाते, बाळाकडे लक्ष ठेवा. तिचा मुंगसावरही पुरता भरवसा नसतो. आणि तिची पाठ वळते न वळते तोच नवरा घर उघडं टाकून भिक्षेला निघून जातो. पुढचं सगळं त्यातून घडतं. मला त्या गोष्टीत सापापेक्षा त्या नवऱ्याची जास्त भीती वाटते.

कारण ती गोष्ट माझ्या घरी घडलेली आहे. लेक दहा महिन्यांची होती, रांगायला लागून महिना झाला असेल. घरात आठ वर्षांची पॉमेरेनियन होती, राणी, माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. रविवारची सकाळ, मी स्वयंपाकघरात खोबरं किसत होते. बाहेर नवरा, सासूबाई आणि पेपर वाचत बसलेले दीर. राणी दिवाणाखाली झोपली होती. लेक रांगत तिथे गेली. मला एक किंकाळी ऐकू आली आणि मी धावले तर पोरीची भुवई फाटलेली, डोळ्याला अर्धा इंच अंतर. तीन टाके पडले. त्या खोलीत तीन मोठी माणसं होती, आतल्या खोलीत मी चौथी, आणि आम्ही चौघांनीही एकच वाक्य म्हटलं: मला वाटलं, तुमचं लक्ष आहे.

दुसऱ्या दिवशी राणीचं तोंड उघडून पाहिलं तर मागची दाढ कुजलेली, हिरडी सुजलेली. आठवडाभर ती एकाच बाजूने चावून खात होती. गावभरच्या जनावरांचे दात बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंना घरच्या कुत्रीचं दुखणं दिसलं नव्हतं. सुताराच्या घरचा पाट मोडका, म्हणतात तसं.

एकटी आई असेल तर ती बाळाला डोळ्यांआड होऊ देत नाही, कारण दुसरं कुणी नाही हे तिला माहीत असतं. तुमच्या घरात पाच मोठी माणसं आहेत. घर भरलेलं असलं की सगळ्यांनाच वाटतं, कुणीतरी बघतंय. म्हणून पहिला नियम हा कर, आणि तो सासऱ्यांपासून दिरापर्यंत सगळ्यांना पाळायला लाव: बाळ आणि कुत्रा एका खोलीत असतील तेव्हा एका माणसाचं नाव ठरलेलं हवं. ते मोठ्याने बोलायचं. 'आता माझ्याकडे.' आणि उठायचं झालं तर दुसऱ्याने 'हो, माझ्याकडे' म्हटल्याशिवाय उठायचं नाही. दोन दिवस सगळे हसतील, तिसऱ्या दिवशी सवय होईल. लक्ष ठेवणं म्हणजे हात पोचेल इतक्या जवळ असणं, हातात मोबाइल नसणं. आणि कुणालाच जमत नसेल तर मधलं दार बंद.

'दोन मिनिटांत दूध गरम करून आणते' यालासुद्धा हाच नियम. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात दीड महिन्याच्या मुलीला घरच्याच कुत्र्याने मारलं. काका तिला पलंगावर ठेवून बाटली तयार करायला स्वयंपाकघरात गेला होता. कुत्रा कोणता, तर पॉमेरेनियन, आपल्याकडे घरोघरी मांडीवर बसलेला असतो तोच. वाचून घाबरावंस म्हणून सांगत नाही. असं फार क्वचित घडतं. पण 'आमचा तर एवढुसा आहे' किंवा 'आमचा तर लॅब्राडॉर आहे' असल्या बोलण्याला काही अर्थ नाही, हे यातून कळावं.

सोन्याच्या जागी बसून जरा बघ. त्याने आजवर तान्हं बाळ पाहिलेलंच नाही. माणूस म्हणजे उभं चालणारं, अमुक वासाचं, अमुक आवाजाचं, एवढं त्याला ठाऊक. आता घरात दीड-दोन फुटांचं, दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी येणार. ते मधेच किंचाळणार, हातपाय झटकणार, अंगाला दुधाचा आणि तिळाच्या तेलाचा वास. काही कुत्री अशा वेळी घाबरतात. काही त्याला पिल्लू समजून तोंडात धरून उचलायला बघतात. आणि काहींच्या मनात खार तुरुतुरु पळताना बघून जे जागं होतं तेच जागं होतं. यात वाईट हेतू कुठेच नाही. पण तान्ह्याची टाळू भरलेली नसते, मान धरलेली नसते. मायेने लागलेला दातही पुरतो.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ. गुरगुरला ती नव्हे. 'ह्यांनी त्याला चपलेने मारलं, तेव्हापासून तो गप्प आहे' ही.

कान ओढल्यावर सोन्या चावला नाही, गुरगुरला. याहून शहाणपणाचं कुत्र्याने काय करायचं? 'मला त्रास होतोय, लांब हो' हे त्याच्या भाषेत त्याने स्वच्छ सांगितलं आणि त्याबद्दल मार खाल्ला. मार खाल्लेला कुत्रा चावायचं सोडत नाही, गुरगुरायचं सोडतो. मग लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, 'डॉक्टर, काही कळायच्या आत चावला हो.' कळवायची सोय तुम्हीच काढून घेतलेली असते. नवऱ्याला सांग, पुन्हा कधी गुरगुरला तर हात उचलायचा नाही. मूल उचलायचं, दोघांना लांब करायचं आणि तो कशाने गुरगुरला ते शोधायचं.

गुरगुरण्याच्या आधीही तो बरंच बोलत असतो. झोप आलेली नसताना जांभई देणं. जवळ खाणं नसताना ओठांवरून, नाकावरून जीभ फिरवणं. मान दुसरीकडे वळवून नुसते डोळे बाळाकडे ठेवणं. तेव्हा डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकदम थिजणं: उघडं, धापणारं तोंड मिटतं, अंग ताठ होतं, क्षणभर श्वासही हलत नाही. हे दिसलं की हळू आवाजात त्याला हाक मारून बाजूला बोलवायचं. शेपटी हलतेय म्हणून निर्धास्त राहू नकोस. ताठ, उंच धरलेली शेपटीही हलते. इंटरनेटवर बाळाला कुत्र्याच्या पाठीवर बसवलेले, गळ्यात मिठी मारायला लावलेले जे गोड व्हिडिओ फिरतात ना, ते आवाज बंद करून एकदा या खुणांसाठी बघ. मला ते बघवत नाहीत.

तुझ्या हातात साधारण पाच महिने आहेत, त्यातले तीन-साडेतीन तू माहेरी. पुष्कळ झाले. पण जे काही बदलायचंय ते आत्ता बदल, बाळ आल्यावर नको. पलंगावरून उतरवायचं असेल तर आजपासून. बाळ आलं आणि त्याच दिवशी त्याची जागा गेली, तर तो या दोन गोष्टींची सांगड घालणार. पलंगापासून लांब, वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात त्याची सतरंजी टाक आणि त्याला 'जागेवर' शिकव. सतरंजीवर पाय टेकला की चपातीचा तुकडा, टेकून बसला की आणखी एक. रोज पाच-पाच मिनिटं असं तीन आठवडे केलं की फोडणी जळत असतानाही नुसतं 'जागेवर' म्हटल्यावर तो जाऊन बसेल. तो सतरंजीवर असताना त्याला कुणीही हात लावायचा नाही, लाडाने सुद्धा नाही. घरात त्याला अशी एक तरी जागा हवी.

सुताराला बोलावून तुमच्या खोलीच्या चौकटीत कमरेइतकं अर्धं दार बसवून घे. जुन्या वाड्यांना असायची तशी अर्धी दारं. फार खर्च येत नाही. फळ्यांऐवजी उभे गज किंवा जाळी असू दे, म्हणजे सोन्याला आतलं दिसेल, वास येईल, पण जाता येणार नाही. पूर्ण बंद दारामागे कोंडलेलं कुत्रं दारावर पंजे मारत बसतं आणि चिडतं. रात्री मात्र पूर्ण दार बंदच. मच्छरदाणीला कुणी आडोसा समजू नये. झोळी बांधणार असाल तर जमिनीलगत नको. झुलणारं, आतून आवाज येणारं गाठोडं हे कुत्र्याला आमंत्रणच वाटतं.

साखळीचा विचार डोक्यातून काढून टाक. चोवीस तास बांधलेला कुत्रा तिरसट होतो. भीती वाटली तर त्याला पळता येत नाही, मग दातच उरतात. आणि रांगणारं मूल त्याच्या साखळीच्या टप्प्यात कधी शिरेल, सांगता येत नाही.

जाण्यापूर्वी सोन्याला पशुवैद्याकडे नेऊन नखशिखांत तपासून घे. कान, दात, कंबर. राणीची दाढ विसरू नकोस. रेबीजची लस वर्षाच्या आत झालेली हवी, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि रांगणारं मूल माती तोंडात घालतंच. गोचीड-पिसवांचाही बंदोबस्त कर. मात्र त्यासाठी लावायचं औषध डॉक्टरांना विचारूनच. गोठ्यात फवारतात ते कुत्र्याला फासू नका.

त्याचं फिरणं, जेवण आज कोण बघतं? तू बघत असशील तर पुढच्या आठवड्यापासून दिराकडे दे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चाललेला कुत्रा आणि दिवसभर कोंडलेला कुत्रा हे दोन वेगळे प्राणी असतात.

बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग मोबाइलवर सहज मिळेल. सोन्या जेवताना ते अगदी बारीक आवाजात लावा, त्याचे कान टवकारतील न टवकारतील इतकं. दर दोन-चार दिवसांनी किंचित मोठं करा. जेवण थांबवून बघायला लागला तर एक पायरी मागे. आणि नवरा शनिवार-रविवारी कऱ्हाडला येईलच, तर परत जाताना त्याच्याजवळ बाळाचं वापरलेलं, न धुतलेलं झबलं दे. घरी गेल्यावर ते सोन्याच्या नाकाला लावायचं नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं, त्याचा तो येऊन हुंगेल. हुंगून झालं की शाबासकी, एक तुकडा, आणि झबलं उचलून ठेवायचं. चघळायला द्यायचं नाही.

आता नावाचं काय करायचं ते बघ. पत्र वाचताना मला पहिलं हसू त्याचंच आलं. बाळ घरी आलं की सासूबाई पाळण्यावर वाकून काय म्हणणार? 'अगं माझ्या सोन्या, ये रे माझ्या सोन्या.' दिवसातून पन्नास वेळा, तेही पाळण्याशी उभं राहून, लाडिक आवाजात. आणि २६ किलोंचा सोन्या तितक्यांदा धावत येऊन पाळण्यावर पुढचे पाय टेकणार. आला की त्याला 'चल हट' म्हणून हाकलणार. बोलावलं म्हणून आला आणि बोलणी खाल्ली, तीही त्या पाळण्याजवळ! सासूबाईंच्या तोंडून 'सोन्या' काढून घेणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही, तेव्हा कुत्र्याचंच नाव बदला. सहा वर्षांचा असला तरी हरकत नाही. नव्या नावाने हाक मारली की लगेच तुकडा, असं घरातल्या सगळ्यांनी केलं तर पंधरा-वीस दिवसांत तो नवं नाव घेतो. बाळाला लाडाने जे जे म्हणतात त्यातलं काही नको: राजा, पिल्लू, बाळ्या, छकुल्या बाद. खंड्या, शेरू, टायगर, काहीही चालेल. मी या लेखात सवयीने सोन्याच म्हणते आहे, तेवढं चालवून घे.

घरी परत यायच्या दिवशी चूक होते ती घाईने. तू तीन महिने नव्हतीस. तो आधी तुला बघून वेडा होणार, उड्या मारणार, अंगावर येणार, आणि तुझ्या हातात बाळ असेल. म्हणून त्या दिवशी दिराने त्याला लांब, चांगला दमेपर्यंत फिरवून आणावं. तू एकटी आधी आत जा. बाळ तुझ्या आईकडे गाडीतच असू दे. त्याला भेट, त्याला काय नाचायचं ते नाचू दे. दहा-पंधरा मिनिटांनी तो शांत झाला की त्याला सतरंजीवर बसवून दीर पट्टा धरून बसेल आणि मग बाळ आत येईल. भाकरतुकडा ओवाळायला सासूबाई दारात असतीलच. तो तुकडा सोन्याच्या टप्प्यात टाकू नका म्हणजे झालं. त्या दिवशी ओळखपाळख नाही. बाळाचे पाय त्याच्या नाकाला लावणं, 'बघ, तुझा भाऊ आला' म्हणून खाली वाकणं, फोटो, काही नाही. पहिले तीन-चार दिवस मधे अर्धं दार. तो दाराशी येऊन हुंगेल, आडवा होईल, कंटाळून निघून जाईल. बाळाबद्दलचा त्याचा कंटाळा हेच तुला हवं आहे. त्यानंतर एकाच खोलीत, पट्टा लावून, सहा-सात फुटांवर. घाई कशाची आहे?

बाळ खोलीत असताना त्याचे लाड करा, खाऊ द्या. बहुतेक घरांत उलटं होतं: बाळ झोपलं की कुत्र्याला जवळ घेतात आणि बाळ उठलं की बाहेर काढतात. त्याने काय समजायचं?

मालिशवाल्या मावशी येतील तेव्हा मात्र तो बाहेरच असावा. बाळ जमिनीवर, पायांवर आडवं, तेलाने माखलेलं, रडणारं, शेजारी धुरीची शेगडी. तिथे पट्टाही नको, शाबासकीही नको, दार बंद. दूध पाजल्यावर बाळाचं तोंड, मान पुसून घेत जा. ओघळलेलं दूध चाटायला आलेला कुत्रा आणि बाळाचा चेहरा यात अंतर राहत नाही. तोंड, डोळे, कुठे खरचटलेलं असेल ते, चाटू देऊच नये. डायपरची बादली झाकणाची घे. कुत्री ते आवडीने खातात आणि आतला पदार्थ फुगून आतडं तुंबतं; मी अशी ऑपरेशनं केली आहेत. बाळ बघायला पाहुणे येतील त्या दिवशी सोन्या दिराच्या खोलीत, पंखा आणि पाणी देऊन. गर्दी, सनईची रेकॉर्ड, अनोळखी पोरं, जिलेबीचे तुकडे, यात कुठलाही कुत्रा गोंधळतो.

पहिले काही महिने बाळ जिथे ठेवाल तिथे असेल. खरी परीक्षा पुढे. सातव्या-आठव्या महिन्यात ते रांगायला लागलं की कुत्र्यापर्यंत बाळ स्वतःहून जायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच घरातली माणसं सैल झालेली असतात, 'इतके दिवस काही झालं नाही ना' म्हणून. झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर पडणं, शेपटी धरून उभं राहणं, त्याच्या भांड्यात हात घालणं. बाळाचा चेहरा त्याच्या तोंडाच्या उंचीला असतो, म्हणून लहान मुलांना चावा बहुतेकदा चेहऱ्यावर, डोक्यावर, मानेवर बसतो. सोन्याचं जेवण दाराआड, आणि खाऊन झालं की भांडं उचलायचं. हाडं, चघळण्या फरशीवर पडू द्यायच्या नाहीत. बाळाच्या हातात बिस्कीट देऊन 'भूभूला दे' हा खेळ तर घरात कुणी सुरूच करू नका.

आता सासूबाईंना बाळाच्या दम्याची जी भीती वाटते, त्याबद्दल. स्वीडनमध्ये सहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात ज्यांच्या घरी कुत्रा होता, त्यांच्यात शाळेच्या वयात दम्याचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसलं. म्हणून दमा टाळायला कुत्रा पाळा असं मी म्हणणार नाही, पण केसांनी दमा होतो म्हणून कुत्रा काढा, हेही बरोबर नाही. तुमच्या दोघांच्या घरात कुणाला जुना दमा किंवा ॲलर्जी असेल तर बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाल. बाकी केस झाडायला झाडू आहे. गरोदर बाईला कुत्र्यापासून टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे एका परजीवीचा संसर्ग, होतो असंही कुणीतरी सांगेल. ती गोष्ट मांजराच्या विष्ठेची आणि कच्च्या मांसाची, तुझ्या कुत्र्याला त्यात ओढू नकोस.

आणि तासगावचा मळा द्राक्षांचा असेल, तर तो तसाही सोन्यासाठी नव्हे. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विष आहेत. तुझ्यासाठी लाडू वळले जातील त्यात बेदाणे असतील, तेही त्याच्यापासून लांब ठेवा.

तरीही कुत्र्याला दुसरं घर बघावं लागतं अशा वेळा येतात, ते लपवत नाही. अर्ध्या दारापलीकडून तो बाळाकडे टक लावून, ताठ होऊन बघत राहिला, हाक मारून हलला नाही, बाळ हललं की झेप घेतल्यासारखा पुढे आला, दिवसेंदिवस दाराशी कुंईकुंई करत राहिला, तर त्याच दिवसापासून दोघं पूर्ण वेगळे आणि पशुवैद्याचा सल्ला. त्यातूनही जमलं नाही तर लहान मूल नसलेल्या, ओळखीच्या घरी त्याला द्यावं. त्यात तुझा काही अपराध नाही. मात्र पोत्यात घालून कुठल्या घाटावर सोडून येणं वेगळं; तो १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

दात किंवा नख लागलंच, अगदी ओरखडा जरी उमटला, तरी जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल, काहीही भरायचं नाही. तडक सरकारी दवाखाना. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. 'घरचाच आहे, लस दिलेली आहे' म्हणून घरी बसायचं नाही, काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. सोन्या रोज बाहेर फिरतो, भटक्यांशी हुंगाहुंगी होतेच. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं रेबीजविरोधी औषधही लागतं, ते दिलं का विचार. तान्ह्या बाळालाही लस चालते, त्यांना ती मांडीत देतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. पोटातल्या चौदा सुया आता इतिहासजमा झाल्यात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कुणी वाचत नाही, म्हणून इथे 'बघू उद्या' नाही.

पत्र नवऱ्याला वाचायला दे. सासूबाईंना वाचून दाखव, पण चपलेचा भाग आधी त्याच्या एकट्याच्या कानावर घाल. आईसमोर नको.

ता. क.: बाळासाठी खेळणी येतील त्यांत दाबलं की पीं वाजणारी रबरी बदकं नकोत. सोन्याच्या तोंडातलं खेळणंही तसंच वाजत असेल, नाही का? खुळखुळा आण, लाकडी.